विषण्ण मनाचे तर्कशास्त्र

सिग्मंड फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शोक आणि विषाद’ या निबंधात असे प्रतिपादन केले होते की, विषण्ण मनुष्य स्वतःला जी दूषणे देतो, मी नालायक आहे, माझ्यामुळे सर्वांचे वाटोळे झाले, अशी जी फिर्याद तो अहोरात्र स्वतःविरुद्ध गुदरीत असतो, ती मुळात स्वतःविरुद्ध नसतेच. ज्या प्रिय व्यक्तीने त्याला सोडले किंवा दुखावले तिच्यावरील क्रोधाला बाहेर पडावयास वाट न मिळाल्यामुळे तो उलटून त्याच्याच अंगावर येतो, आणि म्हणून त्या दूषणांचा शब्दार्थ ग्राह्य न धरता त्यांच्या पाठीमागचा गूढार्थ शोधला पाहिजे. ही उपपत्ती विलक्षण बुद्धिमान होती, आणि बुद्धिमान उपपत्तींना पुष्कळदा लाभते तसे दीर्घायुष्य तिलाही लाभले. पुढील कित्येक वर्षे रोग्याचे बोलणे ऐकावयाचे ते त्याच्या आड काय दडले आहे हे हुडकण्यासाठी, असा शिरस्ताच मनोविश्लेषकांत पडून गेला. तो जे बोलतो आहे तेच कदाचित त्याच्या दुखण्याचे एक अंग असेल, ही शंका फारशी कोणाला आली नाही.

ज्याला ती आली तो फ्रॉइडचा विरोधक नव्हता. ॲरन बेक (१९२१-२०२१) हा रशियातून अमेरिकेत येऊन ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे स्थायिक झालेल्या एका ज्यू दांपत्याचा मुलगा. त्याच्या जन्मापूर्वी पोटची मुले गमावून बसलेल्या त्याच्या आईला विषण्णतेने वारंवार ग्रासले होते. येल येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन मनोविश्लेषणाच्या मार्गाला लागलेला बेक १९५४ साली फिलाडेल्फियातील पेनसिल्वेनिया विद्यापीठात रुजू झाला, तेव्हा फ्रॉइडचे म्हणणे प्रयोगाने सिद्ध करून संशयी मानसशास्त्रज्ञांची तोंडे बंद करावीत, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. क्रोध जर आत दडपलेला असेल तर तो स्वप्नांत तरी उघडा पडेल, अशा विचाराने त्याने विषण्ण रोग्यांची स्वप्ने गोळा करून तपासली. त्यांत क्रोध नव्हता. होते ते अपयश, वंचना आणि मानहानी: स्वप्न पाहणारा कोठेतरी निघालेला आहे आणि पोचत नाही, काही मागतो आहे आणि त्याला मिळत नाही. गुरूवरील श्रद्धा ढळू न देता बेकने प्रथम असा अर्थ लावला की या माणसांना दुःखाचीच ओढ असावी. परंतु तसे असेल तर यशापासून त्यांनी दूर पळावयास हवे होते. आणि पत्त्यांची वर्गवारी करण्याचे साधे काम देऊन त्यात त्यांना यश मिळू दिले, तेव्हा हीच माणसे इतरांप्रमाणे उत्साहित झाली आणि पुढील काम अधिक चांगले करू लागली. दुःखाच्या ओढीची उपपत्ती येथेच संपली.

दुसरा धक्का त्याला स्वतःच्याच दवाखान्यात बसला. एक स्त्री कोचावर पडून आपल्या प्रेमप्रकरणांची हकीकत सांगत असे आणि सांगताना अस्वस्थ होत असे. विषय लज्जास्पद असल्यामुळे ही अस्वस्थता असणार, असा शास्त्रोक्त खुलासा बेकने तिला ऐकवला. तो तिने मान्यही केला, परंतु पुढे जे सांगितले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. बोलत असताना सर्व वेळ तिच्या मनात एकच गोष्ट चाललेली होती: आपल्या बोलण्याने या डॉक्टरांना कंटाळा येत असेल. चौकशी करता कळले की हा विचार केवळ दवाखान्यापुरता नव्हता. ज्याच्या ज्याच्याशी ती बोले त्याच्यासमोर तो उभा राही, आणि तो इतका सवयीचा झालेला होता की मुद्दाम विचारल्यावाचून तो सांगण्यासारखा आहे असेही तिला वाटले नव्हते. अंतर्मनाच्या तळघरात उतरण्याची येथे गरजच नव्हती. विचार ओसरीवरच बसलेला होता. बोलण्याच्या प्रवाहाखालून वाहणाऱ्या, क्षणार्धात येऊन जाणाऱ्या, परंतु जाताना मनाचा रंग पालटून टाकणाऱ्या अशा विचारांना बेकने ‘आपोआप येणारे विचार’ असे साधे नाव दिले, आणि १९६३ साली ५० विषण्ण व ३१ इतर रोग्यांच्या उपचारकालीन बोलण्याची तुलना करून त्या विचारांची घडण कशी असते याचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला.

ही घडण एखाद्या आपल्या परिचयाच्या प्रसंगावरून पाहणे सोयीचे होईल. समजा, तालुक्याच्या गावी एक शाळामास्तर आहे. वार्षिक तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याचा वर्ग पाहिला, मुलांची उत्तरे ऐकून समाधान व्यक्त केले, फळ्यावरील अक्षराची वाखाणणी केली, आणि जाता जाता शेरेबुकात एवढेच लिहिले की हजेरीपट वेळच्या वेळी पुरा करीत जावा. स्वस्थ मनाचा मास्तर थोडासा चडफडेल, घरी जाऊन बायकोजवळ साहेबांची टिंगल करील आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपट पुरा करील. परंतु ज्याच्या मनावर विषादाचे सावट उतरू लागले आहे तो त्या रात्री जागा राहतो. साहेबांनी जे तोंडी सांगितले ते शिष्टाचाराचे आणि जे लेखी दिले ते खरे, असे तो ठरवतो, आणि सबंध दिवसातील ती एक ओळ वेचून तिच्यावरच दृष्टी खिळवून बसतो. साहेब निघताना हेडमास्तरांशी हलक्या आवाजात काही बोलले होते. ते आपल्याविषयीच असणार, याला पुरावा लागत नाही. हजेरीपट अपुरा राहिला त्याअर्थी आपण मुळातच गबाळे. गबाळे म्हणून संसारही नीट जमला नाही. म्हणून मुलगा गणितात मागे. शाळेला यंदा शेरा बरा मिळाला नाही तर तो आपल्यामुळे. पंधरा वर्षांत मुलांनी मिळवलेल्या शिष्यवृत्त्या? ती मुलेच हुशार होती.

निराधार अनुमान, एकाच तपशिलाची निवड, एका प्रसंगावरून सरसकट निष्कर्ष, दोषांची वाढ आणि गुणांची घट, सर्व अनिष्टाचे कर्तृत्व स्वतःकडे घेणे, असे जे प्रकार बेकने नोंदविले ते सर्व या एका रात्रीत येऊन गेले. मनाच्या कचेरीत जणू असा एक कारकून नेमलेला असतो की, जो मालकाविरुद्ध आलेला प्रत्येक कागद तत्परतेने दाखल करून घेतो, आणि अनुकूल कागद मात्र मुद्रांक अपुरा आहे, सही अस्पष्ट आहे, अशा सबबींवर आल्या पावली परत धाडतो. मौज अशी, आणि ‘मौज’ हा शब्द येथे जरा क्रूर आहे याची मला जाणीव आहे, की हाच मास्तर शेजारच्या वर्गावरील सहकाऱ्याला तोच शेरा मिळाला असता तर अत्यंत समंजसपणे त्याची समजूत घालू शकला असता. त्याची विवेकबुद्धी नष्ट झालेली नसते. तर्काच्या पायऱ्या तो बिनचूक चढतो. फक्त स्वतःचा प्रश्न आला की पहिली पायरीच वाकडी लागते.

१९६७ साली प्रसिद्ध झालेल्या विषादावरील आपल्या ग्रंथात बेकने या सर्व विचारांचे तीन रोख सांगितले: मी हीन आहे, जग मला प्रतिकूल आहे, आणि पुढेही असेच चालणार. या तिहींतला तिसरा सर्वांत घातक ठरला. आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २०७ रोग्यांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेऊन बेक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले की, पुढे कोणी खरोखर जीव दिला हे विषादाच्या तीव्रतेपेक्षा भविष्याविषयीच्या निराशेवरून अधिक अचूक ओळखता येत होते. म्हणून ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य घरातल्या कोणाच्या तोंडून वारंवार ऐकू येऊ लागले तर ते वैतागाचे बोलणे म्हणून कानाआड करू नये. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसेल तर भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्व वेळ उपलब्ध आहे.

बेकच्या थोडे आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस हाही मनोविश्लेषणाला कंटाळून अशाच निष्कर्षाप्रत आला होता, आणि आपल्या मताचे पूर्वसूरित्व त्याने मोकळेपणाने एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाकडे दिले होते, ज्याची शिकवण अशी की माणसाला घटना नव्हेत, तर घटनांविषयीची त्याची मते व्यथित करतात. एलिसचा विवेकवाद मराठीत आणण्याचे मोठे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्याकडे जाते. परंतु एलिसचा स्वभाव प्रचारकाचा आणि बेकचा निरीक्षकाचा. त्यामुळे शास्त्रीय वाद जो रंगला तो बेकच्या सिद्धांताभोवती, आणि तो वाद या प्रकरणाचा खरा विषय आहे.

वादाचा मुद्दा सरळ आहे. विषण्ण माणसे निराशेचे विचार करतात हे कबूल. परंतु त्या विचारांमुळे ती विषण्ण झाली हे कशावरून? ताप आलेला मनुष्य कण्हतो म्हणून कण्हण्याने ताप येतो असे कोणी म्हणत नाही. पीटर ल्युइनसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली सामान्य नागरिकांच्या मोठ्या समूहाची पाहणी करून असे दाखविले की, जे पुढे विषादग्रस्त झाले त्यांचे विचार आजारापूर्वी इतरांहून विशेष निराळे नव्हते; आजार आला तेव्हा विचार काळवंडले आणि आजार ओसरल्यावर ते निवळले. ज्यांचे औदासीन्य दिवसातल्या ठराविक वेळी वाढते व नंतर उतरते अशा रोग्यांवर केलेल्या डेव्हिड क्लार्क आणि जॉन टीसडेल यांच्या निरीक्षणाने तर असे उघड केले की, त्याच माणसाला खिन्न प्रहरी आयुष्यातील सुखाच्या आठवणी कमी आठवतात आणि जरा बऱ्या प्रहरी अधिक. म्हणजे स्मृतीचे दप्तर कोणत्या बाजूने उघडावयाचे हे मनःस्थिती ठरवते.

हा आक्षेप बिनतोड वाटतो, आणि काही अंशी तो बिनतोड आहेही. परंतु त्याच्यातूनच टीसडेलने जो विचार पुढे नेला तो मला या सर्व शास्त्रातला सर्वांत मार्मिक वाटतो. खिन्नता ही सर्वांनाच येते. प्रश्न असा की, ती आली असता त्या मनात काय जागे होते. एकाच्या मनात ‘आज बरे वाटत नाही’ एवढेच जागे होते आणि संध्याकाळी विरून जाते. दुसऱ्याच्या मनात, विशेषतः ज्याने विषादाचे एकदोन हल्ले सोसलेले आहेत त्याच्या मनात, तेवढ्याशा खिन्नतेने जुनी सर्व फिर्याद पुनश्च सुनावणीस निघते. आजार नसताना त्याचे विचार तपासाल तर ते निर्मळच आढळतील, कारण दोष विचारांच्या साठ्यात नसून ते कशाने जागे होतात यात असतो. खिन्नतेने विचार काळवंडतात, काळवंडलेल्या विचारांनी खिन्नता दाट होते. कारण आणि कार्य एकमेकांचे हात धरून खाली उतरतात.

या उतरणीवर माणसाचा वेग कशाने वाढतो याचे उत्तर सुझन नोलन-होक्सेमा या अमेरिकन विदुषीने दिले, आणि त्यात निसर्गाचा हात लागला. १९८९ च्या ऑक्टोबरात स्टॅनफर्ड विद्यापीठातील १३७ विद्यार्थ्यांकडून तिने एक प्रश्नावली भरून घेतली होती: मन खिन्न झाले असता तुम्ही काय करता? कामाला लागता, मित्राकडे जाता, की आपण असे का, आपल्याच वाट्याला हे का, याचा काथ्याकूट करीत बसता? त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, त्या प्रदेशाला लोमा प्रिएटा नावाने प्रसिद्ध असलेल्या मोठ्या भूकंपाचा हादरा बसला. तिने तेच विद्यार्थी दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासले. ज्यांची वृत्ती भूकंपापूर्वीच विचारांचे रवंथ करण्याची होती ते, त्यांची मूळची खिन्नता हिशेबात धरूनही, नंतर अधिक विषण्ण आढळले. येथे विचार करण्याची पद्धत आधी नोंदली गेली होती आणि आघात मागाहून आला होता, म्हणून या पुराव्याचे वजन मोठे. तिच्या पुढील प्रयोगांत, आधीच थोड्या उदास असलेल्या लोकांना केवळ आठ मिनिटे स्वतःच्या मनःस्थितीविषयी विचार करावयास बसविले तरी त्यांची उदासी वाढे. जे उदास नव्हते त्यांच्यावर त्याच आठ मिनिटांचा काही परिणाम होत नसे. आत्मचिंतनाची महती गाणाऱ्या आपल्या परंपरेला हा निष्कर्ष जरा अवघड वाटेल. परंतु चिंतन आणि रवंथ यांत भेद आहे: चिंतन कोठेतरी पोचते, रवंथ त्याच जागी फिरत राहते आणि फिरण्यालाच विचार समजते.

सिद्धांताला दुसऱ्या बाजूनेही आव्हान मिळाले, आणि ते अधिक खोडसाळ होते. लॉरेन ॲलॉय आणि लिन ॲब्रमसन यांनी १९७९ साली विद्यार्थ्यांपुढे एक बटण आणि एक हिरवा दिवा ठेवला आणि दिवा लागणे किती अंशी तुमच्या हातात आहे असे विचारले. खुशालचेंडू विद्यार्थ्यांना, परिणाम मनासारखा होत असला की, नसलेली सत्ताही आपली वाटे. किंचित खिन्न विद्यार्थी मात्र वस्तुस्थिती बरोबर ओळखत. मग भ्रम कोणाला? विषण्णाला की सुखी माणसाला? या शोधाने तत्त्वज्ञांना फार आनंद झाला, परंतु पुढील पुनर्परीक्षणांत तो तितकासा टिकला नाही. शिवाय दिव्याच्या बटणाविषयीचा सौम्य उदासाचा अंदाज आणि रात्री तीन वाजता स्वतःच्या आयुष्याविषयी खऱ्या रोग्याने दिलेला निकाल यांची तुलना होऊ शकत नाही.

खरा गंभीर प्रश्न लंडनच्या कॅम्बरवेल भागातून आला. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी तेथील स्त्रियांच्या पाहणीवरून १९७८ साली लिहिलेल्या ग्रंथात असे दाखविले की, मोठा आघात झाल्यावर कोणती स्त्री विषादात जाईल हे तिच्या परिस्थितीवरून पुष्कळसे सांगता येते: अकरा वर्षांची होण्यापूर्वी जिची आई गेली, जिच्या घरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले आहेत, जिला घराबाहेर नोकरी नाही, आणि जिला मन मोकळे करावयास पती किंवा दुसरे कोणी जिव्हाळ्याचे माणूस नाही. हे वाचताना कॅम्बरवेल काही फार दूर वाटत नाही. अशा स्त्रीला ‘चांगले विचार कर’ असे सांगणे म्हणजे तिच्या दुःखाची जबाबदारी तिच्याच डोक्यावर ठेवून आपण मोकळे होणे होय. आणि विषण्ण मन असा उपदेश ऐकून आणखी एक निष्कर्ष काढते की, मला नीट विचारही करता येत नाही. सकारात्मकतेची पुस्तके विकणाऱ्यांनी बेकचे नाव घेऊन जे काही पसरवले आहे त्याचा माझ्या मते हा सर्वांत मोठा अपराध आहे. बेक आनंदी विचार करावयास सांगत नव्हता. विचार तपासून पाहावयास सांगत होता, आणि तपासाअंती एखादा दुःखद विचार खराही निघू शकतो. ब्राउन आणि हॅरिस यांचेही म्हणणे असे नव्हते की परिस्थिती परस्पर आजार निर्माण करते. अशा परिस्थितीत माणसाची स्वतःविषयीची किंमत आधीच खचलेली असते, म्हणून एका आघाताची निराशा सबंध आयुष्यावर पसरते, असाच त्यांचा खुलासा होता. अनुवंश, शरीराचे इतर रोग, दारिद्र्य, एकाकीपणा यांच्या पंक्तीला विचारांची वळणे बसतात. यजमानपद कोणा एकाकडे नाही.

उपचारांनीही हीच साक्ष दिली आहे. बेकची पद्धत गुणकारी ठरली यात संशय नाही. परंतु ती कशाने गुणकारी ठरते हे पाहण्यासाठी नील जेकबसन याने १९९६ साली तिचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा विचारांना हातही न लावता रोग्याला केवळ टप्प्याटप्प्याने कामाला लावणारा भाग संपूर्ण पद्धतीइतकाच उपयोगी पडलेला दिसला. उलट टीसडेलने सिगल व विल्यम्स या सहकाऱ्यांसह विचारांशी वाद घालण्याऐवजी ते येताना व जाताना नुसते पाहावयास शिकविणारी पद्धत बांधली, जिचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे आणि जी इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे विपश्यना ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला पूर्णतः परकी वाटणार नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना विषादाचे तीन किंवा अधिक हल्ले येऊन गेले होते अशांपैकी पुन्हा आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३७ वर आले. ज्यांना दोनच हल्ले आले होते त्यांना मात्र तिचा लाभ झाला नाही. वारंवारच्या आजाराने ज्यांची जुनी फिर्याद सहज जागी होते त्यांनाच तिचा गुण यावा, हे टीसडेलच्या उपपत्तीशी जुळणारेच होते. ही पद्धत बरे असतानाच्या काळासाठी आहे; ऐन आजारात विपश्यना शिबिरातले दहा दिवसांचे मौन धरणे हा तिचा पर्याय नव्हे.

आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या द्वारा डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला तो जेकबसनच्या वाटेचा आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र स्वरूपाचा विषाद असलेल्या ४९५ प्रौढांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत, मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या परंतु या कामापुरते शिक्षण दिलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी देण्यात आल्या. टाकून दिलेली कामे पुन्हा हाती कशी घ्यावीत, समोरची अडचण कशी सोडवावी, तुटलेली माणसे पुन्हा कशी जोडावीत, हे त्या भेटींचे सूत्र होते. तीन महिन्यांनी त्यांपैकी शेकडा ६४ जणांचा आजार ओसरला, तर इतरांत हे प्रमाण ३९ होते. आणि सुधारणेचा बराचसा भाग रोगी कितपत कामाला लागला यावरून उलगडता येत होता. यावरून विचारांचे माहात्म्य संपले असे काही जण म्हणतात. त्यांनी बेकचा १९७९ चा उपचारग्रंथ पाहावा. ज्याला अंथरुणातून उठवत नाही अशा रोग्याशी युक्तिवाद करू नये, असे त्यात स्पष्ट आहे. त्याच्या दिवसाचे तासावार वेळापत्रक मांडावे, त्याला एखादे लहानसे काम द्यावे, आणि ‘मला काहीही जमणार नाही’ हे त्याचे म्हणणे त्या कामाच्या निकालावरून त्यालाच तपासू द्यावे.